लोकरीचा गुंडा आधी उचला

‘घरातल्या मांजराला वेगळं खेळवावं लागत नाही. लोकरीचा गुंडा टाका, लेझर दाखवा, बशीभर दूध ठेवा. दिवसाचे 16 तास झोपणारा प्राणी तो!’ व्हॉट्सॲपवर फिरणारा हा शहाणपणा फोंड्याच्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने गुंडा काढूनही ठेवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, गिळलाच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकतं, उरलेला दोरा आतड्यात उतरतो. आतडं तो पुढे ढकलू पाहतं, दोरा हलत नाही, मग आतडंच नाडीवर गोळा झालेल्या परकरासारखं चुण्या पडून दोऱ्यावर चढतं. ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू शकतो. सारख्या ओकाऱ्या, खाणं बंद, कोपऱ्यात दडून बसणं ही लक्षणं. पुढे बहुधा शस्त्रक्रियाच. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच पशुवैद्याकडे न्या. सुईदोरा, गरीचा तंगूस, चतुर्थीच्या मखराची झिरमिळी, सगळी त्याच माळेतली.

दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. लेझर डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर न्या. नाहीतर मांजर नुसतं चिडतं.

झोपेचं म्हणाल तर 12 ते 16 तास झोपतं, हे कबूल. पण जागेपणी, विशेषतः पहाटे आणि तिन्हीसांजेला, त्याला शिकार हवी असते. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचा अभ्यास 2021 साली ‘करंट बायॉलॉजी’त आला. बाहेर हिंडणाऱ्या मांजरांशी मालक रोज 5 ते 10 मिनिटं खेळले, तर घरी आणलेली शिकार 25 टक्क्यांनी घटली. ती मांजरं बाहेरची, पण खोड तीच, आणि वेळ लागतो तो एवढाच.

दोन-अडीच फुटांची काठी, जाड सुती नाडी, टोकाला घट्ट शिवलेली चिंधी. चिंधी मांजराच्या तोंडावर नाचवू नका. उंदीर कधी मांजराकडे धावत येतो का? ती दूर न्या, दाराआड लपवा, थांबवा, मधूनमधून पकडू द्या. शेवटी चार दाणे खायला. मग काठी कपाटात बंद, कारण तिलाही नाडी आहेच.

एकटं राहणार असेल तर अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये कोरडं खाद्य पसरा. ते रोजच्या वाट्यातलंच, वरचं नव्हे. सुरुवातीला दाणे उघडे, जमू लागलं की वर कागदाचे बोळे. आपल्याकडच्या पावसाळ्यात दाणे सादळतात आणि पुठ्ठ्याला बुरशी धरते. म्हणून थोडेच घाला, ओलसर ट्रे लगेच फेका. गॅलरीत बसवायचं तर तारेची जाळी लावा. डासांची जाळी नखांनी फाटते.