वटवाघळांत करोना सापडला, म्हणून वडावर कुऱ्हाड नको

"पुण्याच्या एनआयव्हीला भारतातल्या वटवाघळांत करोना सापडला. ही वाघळं फळं उष्टी करून रोग पसरवतात. करोना आला तोच मुळी वटवाघळांतून. झाडं तोडा, वाघळं हाकला, साथ संपेल." २०२० पासून हा मजकूर फिरतो आहे. परवा तो आमच्या गावच्या ग्रुपवर पुन्हा आला आणि देवळामागचा वाघळांचा वड तोडायची चर्चा सुरू झाली. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन लिहितो.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याचाच त्रास जास्त. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, फळं खाणाऱ्या दोन जातींच्या वटवाघळांचे नमुने तपासले. झाडावर लटकणाऱ्या मोठ्या वाघळांच्या गुदद्वारातून घेतलेल्या ५०८ स्वॅबपैकी २१, आणि गुहेत राहणाऱ्या लहान जातीच्या ७८ पैकी ४ पॉझिटिव्ह निघाले. हे २५ नमुने केरळ, तमिळनाडू, पुदुच्चेरी आणि हिमाचल प्रदेशातले. महाराष्ट्रातला एकही नाही. अभ्यास एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि लोकांनी "करोना" एवढाच शब्द उचलला.

पण करोना हे एका विषाणूचं नाव नाही, ते कुळाचं आडनाव आहे. गावातले सगळे पाटील एका चुलीवर जेवत नाहीत. कोंबड्यांना खोकवणारा ब्रॉन्कायटिसचा विषाणू याच कुळातला, मांजरांच्या पोटात पाणी भरणारा याच कुळातला, आपल्याला दर हिवाळ्यात साधी सर्दी देणारे चार विषाणूही याच कुळातले. फळखाऊ वाघळांत सापडलेले विषाणू कोविडच्या विषाणूपेक्षा वेगळे होते, आणि ते माणसाला आजारी पाडतात याचा पुरावा त्या अभ्यासात नव्हता.

"करोना वटवाघळांतून आला" हे वाक्य जरा थांबून वाचायला हवं. कोविडच्या विषाणूचा जनुकसंच म्हणजे सुमारे ३०,००० अक्षरांची एक ओळ. चीनच्या युन्नान प्रांतातल्या एका खाणीत २०१३ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यातल्या विषाणूशी ती ९६.२ टक्के जुळली, आणि पुढे लाओसमधल्या एका विषाणूशी ९६.८ टक्के. ऐकायला एकच वाटतात. पण उरलेले तीन-चार टक्के म्हणजे हजाराच्या आसपास अक्षरांचा फरक, आणि तेवढा फरक पडायला काही दशकं लागतात. म्हणजे हे विषाणू कोविडच्या विषाणूचे चुलत भाऊ म्हणता येतील, बाप नव्हेत. शिवाय हे दोन्ही घोड्याच्या नालेच्या आकाराचं नाक असलेल्या, किडे खाणाऱ्या छोट्या वटवाघळांतले. आपल्या वडावरची, चिकू-पेरू खाणारी मोठी वाघळं ती नव्हेत.

विषाणू माणसापर्यंत पोचवणाऱ्या मधल्या प्राण्यांचंही तेच. करोना कुळातल्याच विषाणूंच्या आधीच्या दोन साथींपैकी २००२-०३ च्या सार्समध्ये बाजारातली उदमांजरं सापडली, मर्समध्ये उंट. म्हणून कोणी उंट मारत सुटलं नाही.

आता शेवटचं वाक्य, ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो. वाघळं मारून रोग संपतो का? हे करून पाहिलेलं आहे. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग हा जीवघेणा आजार झाला. तिथे वटवाघळांची प्रचंड वस्ती होती. खाणवाल्यांनी ती मारून टाकली. २०१२ पर्यंत थोडी वाघळं पुन्हा येऊन राहिली. तपासलं तेव्हा १३.३ टक्के वाघळांत विषाणू होता. मारण्याआधी तो ५.१ टक्क्यांत होता. २०१२ मध्येच जवळच्या इबांडा गावात साथ आली, १५ जणांना लागण झाली आणि ४ दगावले. जुनी, संसर्ग होऊन गेलेली वाघळं संपली, त्यांच्या जागी रोग न झालेली नवी आली, आणि विषाणूला ताजं रान मिळालं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

धोका शून्य आहे, असं मी म्हणत नाही. २०१८ ची केरळातली निपाह या जीवघेण्या विषाणूची साथ फळखाऊ वटवाघळांशी जोडलेली होती. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांतही एनआयव्हीला निपाहविरोधी अँटीबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा, मिळाल्या. हे खरं आहे, आणि त्यावरचे उपायही साधे आहेत: दातांचे ओरखडे असलेलं, अर्धवट खाल्लेलं फळ फेकून द्या, पडलेल्या वाघळाला उघड्या हाताने धरू नका, पोरांना गुहेत पाठवू नका.

वडाखाली सकाळी गेलात तर पानांवर उंबराच्या बियांचे चिकट गोळे दिसतील. ती वाघळांनी रात्रभर दुरून आणून टाकलेली पेरणी आहे. मोठ्या वाघळाची मादी वर्षाला साधारण एकच पिल्लू देते आणि ते छातीशी धरून उडते. वड पडला तर ती वस्ती मरत नाही, भेदरून गावभर पांगते, आणि एरवी एका झाडावर असलेली वाघळं घराघरामागच्या चिकूवर येऊन बसतात.