चलन एक, तिजोऱ्या वेगळ्या

स्ट्रासबुर्गमधून डी ट्राम पकडली की थोड्याच वेळात मी र्‍हाईन ओलांडून जर्मनीतल्या केलमध्ये पोचते. साबण, शाम्पू, डायपर तिकडे स्वस्त, त्यामुळे शनिवारी अर्धी ट्राम रिकाम्या पिशव्या घेऊन निघालेली असते. 2017 पासून ही ट्राम नदीपार जाते आहे. मधे कोविडमध्ये सीमाच बंद झाली. ती उघडली, पण सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. परवा केलच्या थांब्यावर दोन पोलीस चढले. शेजारच्या फ्रेंच आजी पर्समध्ये ओळखपत्र शोधत मला म्हणाल्या, "लहानपणी मी इथला पूल मोडून पडलेला पाहिलाय. हे कार्ड दाखवायला लागू नये म्हणून केवढा खटाटोप केला होता आम्ही."

त्याच संध्याकाळी नाशिकहून दादाचा फोन आला. विषय नेहमीचाच. "अगं, कर भरायचा महाराष्ट्राने आणि मजा मारायची दुसऱ्यांनी! तुमच्या युरोपात बघ, छोटे छोटे देश, ज्याचा पैसा त्याच्याकडे. म्हणून सुखी आहेत."

दादाच्या रागाला आधार आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी केंद्राच्या विभाज्य करांतला 41 टक्के हिस्सा राज्यांना दिला, आणि त्यातला जेमतेम 6.3 टक्के महाराष्ट्राच्या वाट्याला आला. उत्तर प्रदेशाला जवळपास 18 टक्के. पण "ज्याचा पैसा त्याच्याकडे" असलं की काय होतं, हे मी माझ्या ग्रीक मैत्रिणीकडून ऐकलंय.

तिची आई थेस्सालोनिकीत राहते. 2015 च्या जूनअखेरीपासून कर्जसंकटामुळे ग्रीसमधल्या बँका तीन आठवडे बंद होत्या. एटीएममधून दिवसाला 60 युरो मिळायचे, आणि वीसच्या नोटा संपल्या की पन्नासच. सत्तरीची बाई रोज सकाळी सहाला रांगेत उभी राहायची. आधीच पेन्शन कापलेलं, देशात चारातला एक बेकार. स्वतःचं चलन असतं तर ग्रीसला त्याची किंमत उतरवून थोडा श्वास घेता आला असता. चलन सामाईक, पण संकटात आपोआप मदतीला येणारी सामाईक तिजोरी नाही. युरोपीय संघाचं बजेट सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण 1 टक्का आहे. भारतात केंद्राचा खर्च जीडीपीच्या 14-15 टक्क्यांच्या घरात जातो.

ठेवींचंच घ्या. आपल्याकडे सहकारी बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, आणि तो बँक साताऱ्याची असो की पाटण्याची, देशभर एकच. युरोपात एक लाख युरोंची हमी आहे, पण ती ज्या त्या देशाने आपापल्या निधीतून द्यायची. सामाईक ठेव विम्याचा प्रस्ताव 2015 चा, तो अजून अडकलेला आहे. जर्मनीत अशा कल्पनांसाठी 'ट्रान्स्फरउनियोन' (एकाचा पैसा दुसऱ्याकडे वळवणारा संघ) हा शब्द आहे, आणि तो जवळजवळ शिवीसारखा उच्चारला जातो. आमच्या घामाचा पैसा आळशांना, असा त्याचा सूर. दादाचाच सूर, फक्त भाषा वेगळी.

यात एक गोष्ट जर्मन आणि दादा दोघेही विसरतात. युरोमुळे जर्मनीचा माल बाहेर स्वस्त पडतो. मार्क हे जुनं जर्मन चलन असतं तर तो नक्कीच महागला असता. आणि मुंबईच्या नावावर जमा होणारा बराचसा कर हा मुख्यालय मुंबईत असलेल्या, पण धंदा देशभर करणाऱ्या कंपन्यांचा असतो. साबण विकत घेणारी बाई दरभंग्याची, कंपनीच्या नफ्यावरचा कर मोजला जातो नरिमन पॉइंटला.

कोविडने जर्मनीलाही हलवलं. जुलै 2020 मध्ये ब्रुसेल्सला चार-पाच दिवस रात्ररात्र वाद घालून नेत्यांनी 750 अब्ज युरोंचं सामाईक कर्ज काढायचं ठरवलं. मला ते फार मोठं पाऊल वाटलं, आजही वाटतं. पण ते एकदाच, असं बजावून टाकलेलं पाऊल. करांचे आणि परराष्ट्र धोरणाचे मोठे निर्णय अजूनही एकमतानेच होतात. डिसेंबर 2023 मध्ये एकट्या हंगेरीने युक्रेनची 50 अब्ज युरोंची मदत दीड महिना रोखून धरली. आपल्या जीएसटी परिषदेत केंद्राचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. एकटं कुठलंही राज्य गाडा अडवू शकत नाही, केंद्र मात्र अडवू शकतं.

दिल्लीने इथून काही घ्यावं असंही आहेच. संघाच्या अधिकृत भाषा 24 आहेत. माल्टाची लोकसंख्या पाच-सहा लाख, तरी संघाचे कायदे माल्टीजमध्येही निघतात आणि इथे स्ट्रासबुर्गला भरणाऱ्या युरोपीय संसदेत माल्टीजमध्ये बोलता येतं. महाराष्ट्रात राज्य सरकारने पहिलीपासून हिंदीचा 2025 चा आदेश काढला आणि तो मागे घ्यावा लागला, तेव्हा मला या संसदेतल्या दुभाष्यांच्या काचेच्या खोल्या आठवल्या. माणसाला आपल्या भाषेत मान मिळाला की तो सामाईक तिजोरीत हात सैल सोडतो, असं मला मनापासून वाटतं. दादाचा खरा राग पैशांपेक्षा तिथेच आहे.

त्याला हे सगळं सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्या ग्रीक बाईचं पुढे काय झालं गं?"

बँका उघडल्या, पेन्शन आणखी कापलं गेलं. अजूनही ती सगळे पैसे बँकेत ठेवत नाही. मागच्या ईस्टरला लेकीला पिठाच्या डब्यात तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटा सापडल्या. सगळ्या वीसच्या.