तेरावा महिना

परकराच्या नाडीची दोन टोकं एकमेकांना भेटेनाशी झाली, तेव्हा मी आधी नाडीवर संशय घेतला. मग वॉशिंग मशीनवर. शेवटी शाळेतल्या पोरांच्या वजनकाट्यावर गुपचूप उभी राहिले. 62 किलो. दोन वर्षांपूर्वीही 62च. म्हणजे मी निर्दोष! नवी, लांब नाडी ओवली आणि विषय मिटवला.

विषय टेलरकाकांनी उकरला. आखाजीसाठी, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेसाठी, ड्रेस शिवायला अमळनेरला गेले, तर टेप गुंडाळून म्हणतात, "मॅडम, कंबर 36. मागच्या आखाजीला 32 होती."

"जुना ड्रेस घट्ट होतोय खरा. कापड आटलं असेल."

"कापड आटलं तर चहूकडून आटतं. हा तर मागून ढगळ आणि पुढून दाटतोय."

माप लिहून घेणारा पोऱ्या माझाच माजी विद्यार्थी. चौथीत त्याला सहा सक छत्तीस कधी आलं नाही; त्या दिवशी मात्र 36 बिनचूक लिहिलं.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलंच नाही, थेट पोटाला टेप लावला. (हल्ली जो तो टेप घेऊनच बसलेला.) "वय 49, शेवटची पाळी अकरा महिन्यांपूर्वी. सलग 12 महिने आली नाही की रजोनिवृत्ती म्हणायची. आपल्याकडे सरासरी 46-47लाच येते, तुम्ही उशिरा आलात." मी आयुष्यात प्रथमच कुठेतरी उशिरा पोचले होते.

मग उलगडा झाला. इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक (हॉर्मोन) भरपूर असतं तोवर चरबी मांड्या-नितंबांकडे जाते. ते घटलं की तिचा मोर्चा पोटाकडे. वयाबरोबर स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते, म्हणून काटा तसूभर हलत नाही. जिल्हा परिषदेत 25 वर्षं काढलेल्या बाईला हे समजायला वेळ लागला नाही. ही सरळ बदली आहे. पटसंख्या तीच, फक्त गाव बदललं. आणि आम्हाला विनंती अर्ज करूनही मिळत नाही, ती हिला न मागता मिळाली!

हसण्यावारी न्यायचं नाही, असं बाईंनी दरडावलं. ही चरबी नुसती कातडीखाली राहत नाही. यकृत-आतड्यांभोवती ठाण मांडते आणि मधुमेह, हृदयविकाराला बोलावणं धाडते. भारतीय बायकांनी कंबर 80 सेंटिमीटरच्या आत ठेवावी, म्हणजे साडेएकतीस इंच. नुसतं चालून भागणार नाही, स्नायूंसाठी वजनं उचला. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "मग नळाच्या दिवशी हंडे तूच भर." जसे काही आजवर हेच भरत होते.

आखाजीला गावी गेलो. बाहेर 44 डिग्री, आणि आतून माझी स्वतःची वेगळी भट्टी. दर तासाला कानशिलं तापायची, घामाच्या धारा लागायच्या. त्यात घागर पुजून झाल्यावर सासूबाईंनी पुरणाचे मांडे आणि आमरस वाढला. खापरावरच्या मांड्याला नाही म्हणणारी बाई खान्देशात अजून जन्मायची आहे. दोन खाल्ले. बरं, अडीच.

ओट्यावर पदराने वारा घेत बसले होते. शेजारची आजी काठी टेकत आली, माझ्या पोटाकडे बघून मायेने म्हणाली, "कितवा महिना शे व माय?"

आतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला. मी मनात हिशेब केला. डॉक्टरांकडे गेले तेव्हा अकरा झाले होते, त्यावर दोन.

"तेरावा," मी म्हटलं.

आजीने बोटं मोडून मोजलं, पुन्हा पोटाकडे पाहिलं आणि काळजीने मान हलवली. "म्हैस बी दहा महिनामा मोकळी व्हस व माय!"