आधी डबा, मग भावना

'मनात खरं प्रेम उमललं की स्वार्थ आपोआप गळून पडतो' हे एका लेखात वाचलेलं वाक्य काही पटलं नाही. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायात प्रेषित पौल प्रीती म्हणजे काय वाटतं हे सांगतच नाही, प्रीती काय करते आणि काय करत नाही तेच सांगतो. स्वार्थ पाहत नाही, अपकार स्मरत नाही, ही सगळी क्रियापदं. पंडिता रमाबाईंचंच बघा. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेली ही बाई 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि तिथल्या मुलीबाळींना घेऊन आली. केडगावचं मुक्ती सदन, निराधार बायका-मुलींचं घर, अशा कामातून उभं राहिलं.

माझा अनुभव फारच लहान. सामाईक भिंतीवरून जाऊबाईंशी चार वर्षं अबोला होता. त्यांचा पाय मोडला तेव्हा सासूबाईंनी डबा माझ्याच हातात दिला. पहिले आठ दिवस मी अक्षरशः दात-ओठ खात जात होते. आणि खरं सांगू? त्या कधी एकदा 'चुकलं' म्हणतात याची वाट बघत होते, म्हणजे डब्यातही माझाच हिशेब! तिसऱ्या आठवड्यात कधीतरी भिंतीचा विषय डोक्यातून गेला, कसा ते कळलं नाही. त्या अजूनही 'चुकलं' म्हणालेल्या नाहीत. स्वयंपाक मात्र माझ्यापेक्षा चांगला करतात, परवा शेवग्याच्या शेंगांची आमटी पाठवली होती.