आधी वाचक मोजा, मग प्रती

आज एका निवृत्त सिस्टरांच्या पलंगाखाली पुस्तकांचे गठ्ठे पाहिले आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. खाकी कागदात गुंडाळलेले, सुतळीनं बांधलेले १५ गठ्ठे. एकेकात २५ प्रती. स्वतःचे पैसे घालून छापल्या होत्या ५००, त्यातल्या ३७५ तिथेच. विषय काय, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरच्या घरी शुश्रूषा. उभी हयात वॉर्डात काढलेल्या बाईंनी लिहिलेलं, अशा प्रत्येक घराला हवं असलेलं पुस्तक. आणि सिस्टर म्हणतात, "माझंच चुकलं असेल, कुणी घेत नाही."

नाही हो सिस्टर. तुमचं नाही चुकलं.

प्रत हातात घेतली. मुखपृष्ठाच्या कडेची निळी पट्टी दोन मिलिमीटर स्पाइनवर, म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर, वळून आलेली, स्पाइनवरचं नाव मध्यावरून सरकलेलं. असं का होतं, तर मुखपृष्ठ १९२ पृष्ठांच्या हिशेबानं केलं आणि मग टाइप मोठा केला, दोन प्रस्तावना वाढल्या, पुस्तक २२४ पृष्ठांवर गेलं. सोळा पृष्ठांचा एक, असे दोन फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले कागद) वाढले. म्हणजे १६ कागद, क्रीम कागदाची जाडी साधारण ०.१३ मिलिमीटर धरली तर दोन मिलिमीटर. आतली पृष्ठं पक्की झाल्याशिवाय स्पाइनची रुंदी काढायचीच नसते, हे या धंद्यातल्या शिकाऊ पोरालाही कळतं. छापील प्रूफ कॉपी एकदा हातात दिली असती तर सिस्टरांनाच दिसलं असतं. पण पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या कंपनीच्या पॅकेजमध्ये फक्त स्क्रीनवरची पीडीएफ होती!

"लेखकांसाठी पॅकेज" या प्रकाराचा मला मनापासून राग आहे. छापणं आणि प्रकाशित करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही मंडळी पहिलीचे पैसे घेऊन दुसरीचं नाव लावतात. प्रकाशक लेखकाकडून पैसे घेत नाही, तो स्वतःचे घालतो. म्हणूनच पुस्तक विकलं जावं याची त्याला काळजी असते. पैसे तुमच्याकडून मिळाले की पुस्तक विकलं न विकलं, समोरच्याचं काय जातं?

"नफ्याचे १०० टक्के तुमचे" असं कुणी म्हणालं तर विचारा, कशाचे १००? दुकानदार-वितरकाचं कमिशन छापील किमतीच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. त्यात छपाई वजा करा, पाठवणावळ वजा करा. किंमत छपाईखर्चाच्या चौपट नसेल तर हातात फारसं काही उरत नाही. उरलेल्या चिमूटभराचे १०० टक्के घेऊन काय करायचं? सही करण्याआधी आणखी तीन गोष्टी लेखी घ्या. हक्क किती वर्षांसाठी आणि परत कसे मिळणार. छपाईसाठी तयार केलेली फाइल कुणाची. विक्रीचा तपशील तुम्हाला थेट दिसणार की कुणीतरी कळवणार. सिस्टरांकडे यातलं एकही नाही. दुसरी आवृत्ती काढायची तर अक्षरजुळणीपासून सुरुवात.

आयएसबीएनचंही तसंच. तो १३ आकडी क्रमांक म्हणजे पुस्तकाची ओळख, कॉपीराइट नव्हे. बर्न या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत कॉपीराइट लिहिताक्षणी लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. क्रमांक कंपनीच्या नावावर घेतला तर नोंदीत प्रकाशक कंपनीच राहते. स्वतःचं पुस्तक काढायचं तर क्रमांक स्वतःच्या नावावर घ्या. कागदी पुस्तकाला वेगळा, ई-पुस्तकाला वेगळा.

हो, प्रस्थापित प्रकाशकही नव्या लेखकाला महिनोन्‌महिने उत्तर देत नाहीत आणि पुस्तक निघालं तरी त्याचा गाजावाजा करतातच असं नाही. मान्य. आणि ज्यांना घरच्यांसाठी पन्नास प्रती हव्यात, त्यांनी खुशाल पैसे देऊन छापून घ्याव्यात.

पण बाकीच्यांनी स्वतः काढायचं की नाही हे कशावरून ठरवायचं? माझं उत्तर एकच. वही घ्या आणि वाचकांची नावं लिहा. "सगळे वाचतील" हे उत्तर नाही. माणसांची, संस्थांची, गटांची नावं, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता. ओळखीतल्यांपैकी निम्मे गाळा, ते कौतुक करतात, विकत घेत नाहीत. उरतील तेवढीच पहिली छपाई. यादी तीनशेच्या आत राहिली तर ऑफसेटच्या, म्हणजे प्लेटांवरून एकगठ्ठा छपाईच्या, वाटेला जाऊ नका. प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च थोड्या प्रतींवर पडतो, म्हणून छापखाना "हजार घ्या, स्वस्त पडेल" म्हणतो. न विकलेली प्रत कधीच स्वस्त नसते. डिजिटल छपाईत किंवा प्रिंट ऑन डिमांडमध्ये (मागणी येईल तशी प्रत छापण्यात) प्रत महाग पडते, पण पलंगाखाली काही साठत नाही. विषय नेमका असेल, वाचक कुठे भेटतो हे माहीत असेल, तर स्वतः काढा, बिनधास्त. कविता-कादंबरी असेल आणि यादी चाळीस नावांतच अडली असेल, तर आधी मासिकांत, दिवाळी अंकांत, प्रकाशकांकडे पाठवा. थांबण्यात कमीपणा नाही.

पैसे कुठे घालायचे? संपादनावर. मग मुद्रितशोधनावर, तेही मांडणी झाल्यावर, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. या पुस्तकातही "मूत्रमार्ग" एका ठिकाणी "मूत्रमाग" झालाय. तिसरा खर्च मुखपृष्ठाचा. चित्रं ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत), चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), आणि आतल्या पानांना बांधणीच्या बाजूला समास मोकळा. नाहीतर ओळीचा शेवट वाचायला पुस्तक उलटं मोडावं लागतं. घरात रुग्णाला एका हातानं धरलेलं असताना दुसऱ्या हातात हे पुस्तक उघडं राहायला हवं, एवढा विचार तरी करायचा!

आणि प्रस्तावना. किंडलवर, म्हणजे अमेझॉनच्या ई-पुस्तकांत, नमुन्यादाखल साधारण पहिले १० टक्के वाचायला मिळतात. इथे पहिली २१ पृष्ठं अर्पणपत्रिका, चार प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि मनोगत यांत गेलीत. २२४ चे १० टक्के म्हणजे २२. ज्याला आज रात्री वडिलांची कूस कशी बदलायची हे हवंय, त्याला शुभेच्छा वाचायला मिळणार. एक प्रस्तावना पुरे, ऋणनिर्देश मागे टाका. केडीपीवर (अमेझॉनवर स्वतःच पुस्तक काढायची सोय) सात कीवर्ड, म्हणजे शोधशब्द, भरायला जागा असते, तिथे "उत्कृष्ट पुस्तक" लिहू नका. वाचक शोधताना जे टाइप करेल ते लिहा. तिथल्या केडीपी सिलेक्ट या योजनेत नाव घातलं तर ९० दिवस ती ई-आवृत्ती दुसरीकडे विकता येत नाही, आणि मुदत आपोआप पुढे वाढते, हे वाचून मगच टिचकी मारा.

मार्केटिंग प्रकाशन समारंभापासून सुरू होत नाही. समीक्षकांना, विषयातल्या जाणत्यांना प्रत दोन-तीन महिने आधी जायला हवी. समारंभाला तेच येतात जे तसंही पुस्तक घेणार होते.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, म्हणून आता फक्त सिस्टरांसाठी. तुमच्या पुस्तकातलं बेडसोअरचं (पडून राहून होणाऱ्या जखमांचं) प्रकरण, दर दोन तासांनी कूस बदलायची, उशी पोटरीखाली कशी ठेवायची म्हणजे टाच अधांतरी राहते, ते सोप्या भाषेत इतकं नेमकं लिहिलंय की मी उभ्या उभ्या वाचून काढलं. तेवढं प्रकरण पीडीएफ करून फुकट वाटा. शेवटच्या पानावर पुस्तक कुठे मिळेल ते लिहा. एक गठ्ठा सोडा. त्यातल्या दहा प्रती फिजिओथेरपिस्टांना द्या, पाच नर्सिंग कॉलेजांच्या ग्रंथालयांना, दहा रुग्णसाहित्य भाड्यानं देणाऱ्यांकडे ठेवा. ज्या दिवशी घरात हॉस्पिटलचा पलंग येतो, त्याच दिवशी तुमच्या पुस्तकाची गरज सुरू होते. महिन्यानं त्यांना फोन करा आणि मगच दुसऱ्या गठ्ठ्याची सुतळी सोडा.