डाफ्ट पंकमधला कोणीही मेलेला नाही, आधी नीट वाचा

रोबोसारखी हेल्मेट घालून इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणाऱ्या डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीवरचा एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड इंदिरानगरच्या ताईपर्यंत पोहोचला आणि तिने भाच्याचे हेडफोन कपाटात कुलूपबंद केले. पोरगा ढोलपथकात वाजवतो, या दोघांची गाणी त्याला तोंडपाठ. म्हणून हा खटाटोप.

मेसेज म्हणतो: ९ सप्टेंबर १९९९ ला स्टुडिओत स्फोट होऊन दोघांचे चेहरे जळाले, म्हणून हेल्मेट. असला वेश करणारे ते जगातले पहिले. त्यांच्या एका गाण्यात नासाने दडवलेलं एलियनचं रेकॉर्डिंग आहे, आणि ते फोडल्याच्या दडपणाखाली २०२१ मध्ये एकाने कॅमेऱ्यासमोर स्वतःला उडवून घेतलं. शेवटी नेहमीचंच, 'मुलांना ऐकू देऊ नका, पुढे पाठवा'.

आधी आत्महत्या, कारण ताई घाबरली ती त्यालाच. २२ फेब्रुवारी २०२१ ला 'एपिलॉग' नावाचा आठेक मिनिटांचा व्हिडिओ आला. ओसाड माळावर चंदेरी हेल्मेटवाला जॅकेट काढतो, पाठीवरची कळ सोनेरी हेल्मेटवाल्याकडून सुरू करून घेतो, चालत लांब जातो आणि त्याच्या चिंधड्या उडतात. मग पडद्यावर '१९९३–२०२१'. अहो, हे दृश्य २००६ च्या त्यांच्याच 'इलेक्ट्रोमा' सिनेमातलं आहे! पंधरा वर्षं शिळं. त्यात हेल्मेटखाली हे दोघे नव्हतेच, दुसरे नट होते, आणि तेही उडाले नाहीत. साल दिलंय ते बँड सुरू झाल्याचं आणि बंद केल्याचं. 'मेलेल्या' तोमा बांगाल्तेरने, म्हणजे जोडीतल्या चंदेरी हेल्मेटवाल्याने, २०२२ मध्ये बोर्दोच्या बॅलेला अख्ख्या ऑर्केस्ट्राचं संगीत दिलं, पुढे हेल्मेटशिवाय मुलाखती दिल्या. चेहरा चांगला धडधाकट आहे.

आता, ९-९-९९ ची गोष्ट व्हॉट्सॲपवाल्यांनी रचलेली नाही, एवढं मान्य करावं लागेल. हे दोघे स्वतःच सांगत सुटले होते की मशीनमध्ये स्फोट झाला आणि शुद्धीवर आलो तर रोबो झालो होतो. २००१ च्या 'डिस्कव्हरी' अल्बमच्या वेळची ती थट्टा. त्याआधीही ते मुखवटे घालूनच फोटो देत. थट्टा कळली नाही की तिची बातमी होते.

पहिले वगैरे तर सोडाच. फ्रान्समध्येच १९७७ साली 'स्पेस' नावाचा बँड अंतराळवीरांचे पोशाख आणि हेल्मेट घालून 'मॅजिक फ्लाय' वाजवत होता.

राहिली नासा. २०१३ च्या 'रँडम ॲक्सेस मेमरीज' अल्बममधलं शेवटचं गाणं 'काँटॅक्ट'. त्यातला आवाज अपोलो १७ या चंद्रमोहिमेचे अंतराळवीर युजीन सेरनन यांचा, डिसेंबर १९७२ चा. खिडकीबाहेर काहीतरी गरगरत चमकतंय, असं ते सांगतात. दडवलेलं म्हणे! अपोलो १७ चं यान-ते-पृथ्वी संभाषण नासाने शब्दन् शब्द उतरवून कोणालाही वाचायला ठेवलंय, आणि अल्बमवर नासाला श्रेयही दिलंय. चोरीच्या मालावर कोणी मालकाचं नाव छापतं का? चंद्राकडे निघालेल्या त्या यानाच्या आगेमागे त्याच्याच रॉकेटचा रिकामा तिसरा टप्पा आणि सुटी झालेली पॅनेलं तरंगत होती. ऊन लागलं की अशी वस्तू फिरताना लुकलुकणारच.

आणि याच गाण्यातल्या ज्या सुरावटीला मेसेजवाला 'परग्रहावरचा संकेत' म्हणतो, ती 'द शर्ब्स' या ऑस्ट्रेलियन बँडच्या जुन्या गाण्यातून उचललेली आहे. एलियन शोधायचेच असतील तर सिडनीचं तिकीट काढा.