कोलनवॉटरच्या घड्या आणि तुमचा राग

नमस्कार ताई,

'भिजल्याचा ताप' या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की मी डॉक्टर नाही, काढे आणि घड्या सुचवून 'तीन दिवस वाट बघा' असं सांगते, आणि पावसाळ्यात असं लिहिणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे. शेवटी 'अंधश्रद्धा पसरवू नका' असंही बजावलंत. खोटं कशाला बोलू, आधी चिडलेच. मग लेख पुन्हा काढून वाचला. 'तीन दिवस' हे वाक्य आहे, आणि ते चुकलंय. काल रात्रीच काढून टाकलं.

लिहिताना डोळ्यांसमोर होतं शाळेतून भिजून आलेलं पोर. नाक गळतंय, घसा खवखवतोय, पण ताप जरा उतरला की कॅरम मांडून बसतंय. आमच्या दापोलीकडे मात्र लावणीत दिवसभर चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाचा तापही 'भिजल्याचा'च असतो. माझ्या चुलत्यांचा तसाच होता. चार दिवस काडेचिराईत उकळून प्यायले. पोटऱ्या इतक्या ठणकत होत्या की माडीचा जिना बसून उतरायचे, आणि डोळे लालभडक. डोळे आले असतील, असं आम्हीच म्हणालो. निघाला लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. वेळेवर अँटिबायोटिक मिळालं म्हणून निभावलं. हे घरात घडलेलं असून लेखात आलं नाही, याचं तुमच्यापेक्षा मलाच जास्त वाईट वाटलं.

डेंग्यूचंही तेच. त्यात ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि खरी काळजी तिथून पुढे असते. घरचे 'उतरला बाई एकदाचा' म्हणून देवापुढे साखर ठेवतात, आणि इकडे पोटात जोराच्या कळा, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, माणूस गळून गेलेला. यातलं काही दिसलं तर थर्मामीटर काय दाखवतोय ते बघत बसू नये, दवाखाना गाठावा. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कोलनवॉटरचा मुद्दाही मान्य. आमच्या आईच्या कपाटात साड्यांच्या मागे ती बाटली असायची. ताप आला की ती जुन्या धोतराच्या पट्टीवर चार थेंब टाकायची, आणि कपाळावर घडी पडली की त्या वासानेच निम्मं बरं वाटायचं. त्या वासाच्या मोहापायी मी ते लिहिलं. पण त्यात अल्कोहोल असतं. तान्ह्या बाळाचं अंग त्याने पुसलं तर ते कातडीतून आणि श्वासातून आत जातं. परिच्छेद रद्द.

पेज आणि ओल्या फडक्याला अंधश्रद्धा म्हणालात, तिथे मात्र मी भांडणार. ताप येतो तेव्हा मेंदूतलं तापमानाचं बटणच वर सरकलेलं असतं. पॅरासिटॅमॉल ते बटण खाली आणतं. फडकं आणत नाही, हे कबूल. म्हणून बर्फाचं पाणी वापरलं तर शरीर उलट कुडकुडून उष्णता तयार करतं. माझ्या मुलाला मी एकदा असंच गार पाण्याने पुसलं होतं, दात वाजायला लागले त्याचे. पण औषध दिल्यावर अर्ध्या तासाने कोमट पाण्याने मान, काखा, जांघा पुसल्या तर पोराला हुशारी येते. हुडहुडी भरली की लगेच थांबायचं. आणि तापात अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. त्यावर मिठाची कणी घातलेली पातळ पेज किंवा गवती चहा घोटघोट देणं यात अंधश्रद्धा कुठे आली? ताप उतरवायला ते नाहीच, माणसाला तोवर धरून ठेवायला आहे. लेखातलं उपशीर्षक 'ताप उतरवणारे उपाय' नको होतं, एवढं खरं.

डोसाबद्दल तुम्ही विचारलंत ते लेखात घातलंय: मुलांना पॅरासिटॅमॉल वयावर नाही, वजनावर. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये निदान चार तास, दिवसभरात चारपेक्षा जास्त नाही. थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपपेक्षा बरंच तीव्र असतं, ही गफलत फार घरांत होते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट ताप दिसला तर औषध नाही, घडी नाही, थेट डॉक्टर.

राहिली गुळवेल. कोविडच्या काळात ती रोज घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं, आयुष मंत्रालयाने तो संबंध नाकारला. मी तो परिच्छेद तूर्त काढलाय. आमच्या परसात तिचा वेल आहे आणि सासूबाई रोज सकाळी कांडं तोडतात, त्यांच्याशी बोलणं अजून व्हायचंय.